तीन फुल्यांची कादंबरी

कादंबरीतल्या त्या मुलीचा मला पहिल्या प्रकरणापासून राग आला होता. तिला नाव नव्हतं. लेखकाने तिला सगळीकडे नुसतं ‘मुलगी’ म्हटलं होतं. ती हुशार होती, वडिलांची लाडकी होती, आणि आपल्या अडाणी आईला येता-जाता टोचून बोलायची. तिसऱ्या प्रकरणात पाहुणे जेवून ओटीवर पान खात बसलेले असतात. आई आतून म्हणते, ‘चुना हाय का इचार त्यांना.’ आणि ही मुलगी सगळ्यांच्या देखत म्हणते, ‘आई, हाय नव्हे, आहे. किती वेळा सांगायचं तुला?’ पाहुणे हसतात. मुलगीही हसते.

मी हे मोठ्याने वाचत होते. मध्येच थांबून म्हणाले, “किती दुष्ट आहे ही मुलगी!”

माझी आई उंबऱ्याच्या आत अडकित्ता घेऊन सुपारी कातरत बसली होती. तिने मान वर केली नाही.

“दुष्ट न्हाय गो,” ती म्हणाली. “लहान हाय.”

तेव्हा मी चौदा वर्षांची होते. गेल्याच पावसाळ्याच्या अखेरीस, आमच्याच ओटीवर, आमच्याच पाहुण्यांसमोर मी माझ्या आईला अगदी हेच बोलले होते. तरीही ती मुलगी मला कोणीतरी परकी वाटली. आज सांगताना माझाच माझ्यावर विश्वास बसत नाही, पण तसं झालं खरं. माणसाला आपला आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकला की ओळखू येत नाही.

हे तीस सालानंतरच्या दोन-तीन वर्षांतलं. चौलला आमची नारळी-पोफळीची वाडी होती. बाबा अलिबागला मॅट्रिक झालेले. पुढे मुंबईला कॉलेजात जायचं त्यांच्या मनात होतं, पण आजोबा अचानक गेले आणि बाबांना वाडी सांभाळायला परत यावं लागलं. ते दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. देवळाशेजारच्या खोलीत त्यांनी गावासाठी वाचनालय काढलं, मुंबईच्या एका मासिकाची वर्गणी भरली, आणि स्वतः लिहायला लागले. निबंध, गोष्टी, एकदा एक अख्खं नाटक. ते सगळं त्या मासिकाकडे जायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी ‘साभार परत’ची छापील चिठ्ठी लागून परत यायचं. बाबा ते पाकीट कोणाला न दाखवता कोठीच्या खोलीतल्या ट्रंकेत टाकून द्यायचे आणि त्या दिवशी जेवताना बोलायचे नाहीत.

आई हरिहरेश्वरच्या मागच्या अंगाला असलेल्या एका खेड्यातली. भातशेती करणारं घर. लग्न झालं तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची होती आणि तिने पाटी हातात धरलेली नव्हती. पहिल्या वर्षी बाबांनी तिला शिकवायचा प्रयत्न केला. ती घाबरून गप्प बसायची, बाबांचा आवाज चढायचा, आणि दोन महिन्यांत त्यांनी तो नाद सोडला. त्यावर त्यांनी एक वाक्य तयार केलं होतं, ते ते पाहुण्यांना हमखास ऐकवायचे: “हिच्या डोक्यात आणि पाट्यात फरक एवढाच, की पाट्यावर निदान वाटण तरी होतं.” सगळे हसायचे. पदर तोंडाशी धरून आईही हसायची. मी तर त्या वाक्याची वाटच बघत असायची.

आईला शिकवायचं राहिलं ते बाबांनी माझ्यावर ओतलं. माझ्या आधीची दोन भावंडं तान्हेपणीच गेली होती, त्यामुळे घरात मूल म्हणून मी एकटीच. चौथ्या वर्षी पाटी, सहाव्या वर्षी वर्तमानपत्र, पुढे रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत सातवीपर्यंत, आणि शाळा संपल्यावर घरीच इंग्रजी. लोकांशी बोलताना ते ‘माझी मुलगी’ म्हणायचे. ‘आमची’ असं त्यांच्या तोंडून मी ऐकलं नाही. मलाही मी फक्त त्यांचीच वाटायचे.

तर ती कादंबरी. मासिकात ती दर महिन्याला एक प्रकरण अशी येत होती. लेखकाच्या नावाच्या जागी नुसत्या तीन फुल्या छापलेल्या असायच्या. समुद्रकाठच्या एका बागायतीत वाढणाऱ्या मुलीची गोष्ट होती: घर कसं आहे, बाप कसा आहे, आई कशी आहे, आणि त्या घरात ती मुलगी काय काय शिकते, काय काय विसरते. बाबांना तिने वेड लावलं होतं. अंक आला की पुढच्या रविवारी दुपारी रेवदंड्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आणि गावातले एक पेन्शनीत निघालेले कारकून आमच्या ओटीवर यायचे आणि मी नवं प्रकरण वाचून दाखवायची. मग लेखक कोण, यावर वाद.

“कोणी तरी प्रोफेसर आहे,” बाबा म्हणायचे. “बायकांच्या मनात इतकं खोल पुरुषालाच शिरता येतं.”

कादंबरीतल्या घरामागे आमच्यासारखीच रहाटाची विहीर होती, तिथला एक माड आमच्यासारखाच विहिरीवर वाकलेला होता. मी ते बाबांना दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “हेच तर कसब. अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंत ज्याला त्याला आपलंच घर वाटलं पाहिजे.” मला ते पटलं. बाबा म्हणाले की मला पटायचंच.

सहाव्या प्रकरणाचा अंक आला तेव्हा बाबा वाडीच्या हद्दीच्या दाव्यासाठी अलिबागला गेले होते. ते परतेपर्यंत अंक फोडायचा नाही असा घरचा नियम. पण मला राहवेना. पोस्टमनच्या हातून अंक घेतला तो तसाच घेऊन मी विहिरीकडे गेले आणि रहाटाचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या काठावर बसून वाचायला लागले.

आता मला आधी माझी एक आठवण सांगायला हवी. मी सहा वर्षांची असताना एका दुपारी आईने मला झोपेतून उठवलं, हिरवा परकर नेसवला आणि माझा हात धरून रेवदंड्याच्या बंदरावर नेलं. तिच्या काखेत एक बोचकं होतं. लांब पाण्यात आगबोट धूर सोडत उभी होती आणि तिच्याकडे माणसं नेणारा पडाव धक्क्याला लागला होता. आईने मला चणे-कुरमुरे घेऊन दिले. पडाववाल्याने मला उचलून आत ठेवलं, पडाव हलला, पाण्याचा सपकारा पायांवर आला आणि मी भोकाड पसरलं. “बाबा! बाबा!” मग आईने मला कडेवर घेतलं आणि आम्ही घरी आलो. बस, एवढीच. आई मला आगबोट दाखवायला घेऊन गेली होती, असंच मी कायम समजत होते. शाळेत ‘माझी पहिली सहल’ या विषयावर मी हाच निबंध लिहिला होता आणि बाईंनी तो वर्गात वाचून दाखवला होता.

सहावं प्रकरण मागे, त्या मुलीच्या लहानपणात जात होतं, आणि ते असं सुरू होतं. सकाळी पाहुणे आलेले असतात. बाप सहा वर्षांच्या मुलीला त्यांच्यासमोर उभी करून वर्तमानपत्र वाचायला लावतो. ती घडाघडा वाचते. बाप म्हणतो, ‘नशीब, आईवर गेली नाही.’ आणि मुलगी आईकडे बघून टाळ्या वाजवते. स्वयंपाकघरात ती बाई भाकरीचं पीठ तसंच परातीत ठेवून उठते. दोन लुगडी बोचक्यात बांधते. दुपारी सगळे निजल्यावर मुलीला उठवून हिरवा परकर नेसवते.

हिरवा परकर या शब्दांपाशी मी थांबले. मग पुढचं भराभर वाचत गेले. चणे-कुरमुरे होते. पडाव होता. पायावर पडलेलं पाणी होतं. ती बाई माहेरी निघाली होती आणि पुन्हा यायचं नाही असं ठरवून निघाली होती. पडाववाला दोनदा हाक मारतो. मुलगी ‘बाबा, बाबा’ म्हणून आकांत करते. त्या बाईचा एक पाय पडावात असतो, दुसरा धक्क्याच्या पायरीवर. तिच्या मनात येतं: हिला नेलं तर जन्मभर ही ज्या माणसासाठी रडेल ते माणूस मी नसेन. ठेवून गेले तर ही रडणारसुद्धा नाही. मग ती पडावातला पाय काढून घेते. दिवेलागणीला नवरा जेवायला बसतो आणि विचारतो, ‘भात गार का?’

तो अंक माझ्या हातातून थारोळ्यात पडला. मी तो पटकन काढला, परकराला पुसला. माझ्या कानांत कोणी कापूस कोंबल्यासारखं झालं होतं. वाडीत एक गडी माडाची वाळलेली झापं ओढत होता, त्याचा आवाज मला ऐकू येत नव्हता, नुसती झापं हलताना दिसत होती. त्या दिवशी धक्क्यावर आम्ही दोघीच होतो. मी कोणाला लिहून पाठवलं नव्हतं. पडाववाला माझ्या आईच्या मनातलं काय सांगणार? मग उरलं कोण? पण आईला तर अक्षरओळख नव्हती. हे दोन विचार मी पुन्हा पुन्हा शेजारी शेजारी ठेवून बघत होते आणि ते जुळत नव्हते. तिसरा विचार त्याहून वाईट होता. ती दुष्ट मुलगी मी होते. टाळ्या मी वाजवल्या होत्या. आणि ते मला आठवतसुद्धा नव्हतं.

मी ओला अंक घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई चुलीपुढे बसून आमटीला फोडणी देत होती.

“आई, तुला वाचता येतं?”

तिने माझ्या हातातल्या अंकाकडे पाहिलं. पळी वैलावर ठेवली. हात पुसले.

“येतंय,” ती म्हणाली.

“कधीपासून?”

“तू दुसरीत व्हतीस तवापासनं.”

“कोणी शिकवलं?”

“तुज्या बाईंनी.”

आमच्या शाळेच्या बाई रेवदंड्याच्या बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या यहुदी समाजातल्या. त्यांच्या घरचा तेलाचा घाणा होता. शनिवारी तो बंद असायचा म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. आई दर पंधरवड्याला खोबरं घेऊन तेल काढायला त्या घाण्यावर जायची, हे मला माहीत होतं. घाण्याचा बैल फिरत असायचा तेवढ्या वेळात बाईंनी तिला मुळाक्षरं शिकवली होती, मग बाराखडी, मग माझी क्रमिक पुस्तकं. माझ्या ‘सहली’चा निबंध बाईंनी तिला वाचायला दिला. तो वाचून ती घाण्यापाशी बसून रडली, आणि बाई म्हणाल्या, खरं काय झालं होतं ते तुम्ही लिहा. बाबा वाचनालयात गेले की आई कोठीत बसून लिहायची. बाई घरी नेऊन ते नीट अक्षरात उतरवून काढायच्या आणि रेवदंड्याच्या पोस्टातून पाठवायच्या. संपादकाची पत्रंही त्यांच्याच पत्त्यावर यायची.

हे सगळं तिने मला कांदा चिरता चिरता सांगितलं, जणू पापडाचं पीठ कसं मळायचं ते सांगत होती. मी तिच्या बोटांकडे बघत होते. माझ्या पेन्सिली सारख्या हरवायच्या आणि बाबा मला वेंधळी म्हणायचे; त्या पेन्सिली कुठे जात होत्या ते मला त्याच वेळी उमगलं.

“पण कादंबरीत तर किती शुद्ध भाषा आहे!” मी म्हणाले. “तुला ‘आहे’ म्हणता येतं, तर बोलताना का म्हणत नाहीस?”

“लिवायला ती बरी,” आई म्हणाली. “बोलायला ही.”

“आणि मी अशी आहे? इतकी वाईट?”

“मी वाईट कुटं लिवलंय? जे झालं ते लिवलंय,” ती म्हणाली. मग म्हणाली, “त्यांना सांगायचं असंल तर सांग. मी अडवनार न्हाय.”

रविवारी ओटीवर मंडळी जमली. अंक अजून थोडा दमट होता. पाऊस नसताना तो कसा भिजला असं बाबांनी विचारलं तेव्हा मी पोस्टमनचं नाव घेतलं. मी वाचायला लागले. प्रकरणाच्या मध्यावर बाप पाहुण्यांना म्हणतो: ‘हिच्या डोक्यात आणि पाट्यात फरक एवढाच...’

डॉक्टरांनी मांडीवर थाप मारली. “अहो, हे तर तुमचं वाक्य! लेखक तुमच्या ओटीवर बसून गेलाय.”

बाबा आधी दचकले आणि मग खुलले. इतकी वर्षं त्या मासिकाने त्यांची एक ओळ छापली नव्हती, आणि आता त्यांचं वाक्य जसंच्या तसं छापून आलं होतं. “वाच, वाच,” ते म्हणाले.

मी धक्क्यावरचा प्रसंग वाचला. भात गार का, इथवर आले आणि अंक मिटला. कारकुनांनी डोळे पुसले. मी मान खाली घालून बसले होते. आता बाबांना कळलं असणार, आता ते उठून आत जातील, असं मला वाटत होतं.

बाबा माझ्याकडे रोखून बघत होते.

“या घरात लिहिता येणारी माणसं दोन,” ते सावकाश म्हणाले. “एक मी. मी लिहिलेलं नाही.” त्यांचा आवाज कापला. “पोरी, तू लिहिलंस हे?”

मी तोंड उघडलं, आणि त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाबांच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याकडे असं बघताना मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. मी हो म्हणाले नाही, आणि नाहीही म्हणाले नाही.

“लाजतेय,” डॉक्टर म्हणाले. “चौदाव्या वर्षी! शाबास!”

“धक्क्याचं काय रचलंस,” बाबा म्हणाले. “खरंच घडल्यासारखं वाटलं मला.” त्यांनी खिशातलं स्वतःचं फाउंटन पेन काढून माझ्या हातात दिलं.

मी उठून आत गेले. आई दाराच्या आडच उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काय करेल, मारेल, रडेल, बाहेर जाऊन सांगेल, मला कशाचाच अंदाज नव्हता. तिने हंड्यातून पाणी काढलं आणि तांब्या माझ्यापुढे धरला.

“घसा सुकला आसंल,” ती म्हणाली. “पी.”

आईने मला जन्मात कधी मारलं नाही, पण त्या पाण्याइतका मार मी कधी खाल्ला नाही.

तीन दिवस मी ते पेन जवळ बाळगलं. बाबांनी वाचनालयात सगळ्यांना सांगितलं. वाटेत बायका मला थांबवून माझ्या तोंडाकडे बघायच्या. आई नेहमीसारखीच वागत होती, जेवायला वाढत होती, माझे केस विंचरून देत होती. चौथ्या दिवशी सकाळी बाबांनी संपादकांना लिहिलेलं पत्र माझ्यापुढे ठेवलं. ‘सदर कादंबरी माझी कन्या, वय वर्षे चौदा, हिने लिहिली असून पुढील प्रकरणांवर तिचे नाव छापावे.’ खाली माझ्या सहीसाठी जागा सोडली होती.

मी टोपण काढलं. टोपण परत लावलं.

“मी नाही लिहिली,” मी म्हणाले. “आईने लिहिली.”

बाबा हसले. अगदी मोकळे हसले. मी गंमत करतेय असंच त्यांना वाटलं. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू मावळलं. ते उठले, कपाटावरची माझी जुनी पाटी काढली, तिच्यावरची धूळ हाताने झाडली आणि आईला हाक मारली. आई आली. बाबांनी पाटी आणि पेन्सिल तिच्यापुढे जमिनीवर ठेवली.

“लिही,” ते म्हणाले.

मी भिंतीला टेकून उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. आईने पाटीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं.

“परीक्षा द्यायचं माजं वय गेलं आता,” ती म्हणाली आणि कोठीत निघून गेली.

ती परत आली तेव्हा तिच्या हातात कागदांचा जाड गठ्ठा होता, सुतळीने बांधलेला. तो तिने पाटीवर ठेवला. बाबांनी वरचा कागद उचलला. तो त्यांचाच होता, त्यांच्याच वळणदार अक्षरातला. परत आलेला एक निबंध. ते गोंधळले. मग त्यांनी कागद उलटा केला. पाठीमागे पेन्सिलीने, वेड्यावाकड्या पण एकसारख्या ओळींत, पहिलं प्रकरण होतं. त्यांनी दुसरा कागद उलटला, तिसरा उलटला. त्यांची सगळी ‘साभार परत’ पानं तिने वापरली होती. नाटकसुद्धा.

“कोरा कागद मागितला आसता तर कशाला म्हनून इचारलं आसतंत,” आई म्हणाली.

बाबा तो गठ्ठा घेऊन माडीवर गेले. जेवायला खाली आले नाहीत. ऊन कलल्यावर उतरले तेव्हा त्यांचा चेहरा मला ओळखू येईना. आजारातून उठलेल्या माणसासारखा झाला होता. आई परसात धुणं काढत होती. ते तिच्यापासून चार हातांवर उभे राहिले. मी दारात होते.

“त्या दिवशी,” ते म्हणाले, “पडाव चुकला होता का?”

“न्हाय,” आई म्हणाली. “उभा व्हता.”

बाबांनी पुढे काहीच विचारलं नाही. त्यांना जे हवं होतं ते त्या उत्तरात नव्हतं, किंवा सगळं होतं. मला मात्र त्या परसदारी उभ्या उभ्या जे कळलं त्याने मी हादरून गेले: पडाव उभा असताना ती ज्या घरात परत आली, त्या घरात मी तिला पुढे आठ वर्षं हसले होते.

बाबांनी आईची माफी मागितली नाही. तशी रीत नव्हती आणि तसा त्यांचा स्वभावही नव्हता. ते पाट्याचं वाक्य मात्र पुन्हा त्यांच्या तोंडी आलं नाही. डॉक्टरांना आणि कारकुनांना त्यांनी दुसऱ्याच रविवारी खरं सांगितलं, मान वर न करता, आणि त्यानंतर बरेच महिने ओटीवर वाचन झालं नाही. मासिकाला काही पाठवणंही त्यांनी बंद केलं. एकदा ते अलिबागहून आले आणि कोऱ्या कागदांचा एक दस्ता न बोलता फडताळात ठेवला. आईनेही न बोलता त्यातला पहिला कागद घेतला.

शेवटची चार प्रकरणं तिने दिवसाउजेडी स्वयंपाकघरात बसून लिहिली. नीट उतरवून काढायचं काम बाईंकडून माझ्याकडे आलं. तिच्यामाझ्यात पहिल्यांदा भांडणं झाली ती त्या दिवसांत. ती मुलगी थोडी चांगली व्हावी असं मला वाटायचं. आई ऐकायची नाही. आठव्या प्रकरणात तर मी न विचारता एक वाक्य घुसडून दिलं: ‘त्या मुलीला मागाहून फार वाईट वाटले.’ छापून आल्यावर आईने ते वाचलं आणि मला बोलावलं.

“ह्ये कुणी लिवलं?”

“मी.”

“तुला वाईट वाटलं व्हतं?”

खोटं बोलता येईना. “तेव्हा नाही,” मी म्हणाले.

ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. बाबांसमोर मी गप्प बसले तेव्हाही ती इतकी रागावली नव्हती. पुढे कादंबरीचं पुस्तक निघालं, तिथे तिने बाईंकडून पत्र लिहवून ते वाक्य काढायला लावलं. नाव घालायला संपादक तयार होते, पण तिने तीन फुल्याच राहू दिल्या.

शेवटच्या प्रकरणात मुलीचं लग्न होतं. सासरी निघताना ती बापाच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडते, आणि आईला खाली वाकून नमस्कार करते. बस, नमस्कार. तिथे कादंबरी संपते. ते उतरवताना मी आईशी कडाकडा भांडले होते. इतकं सगळं कळल्यावर कोणती मुलगी अशी वागेल, असं मी तिला विचारलं होतं. आई म्हणाली होती, “तू उतरव.”

माझं लग्न त्यानंतर तीन वर्षांनी किहीमच्या एका घरी झालं. गाडी अंगणात उभी होती. बायका माझी ओटी भरत होत्या. बाबा पुढे आले आणि मी त्यांच्या गळ्यात पडले. किती वेळ रडले कोण जाणे. कोणीतरी मला सोडवलं. मग आई समोर आली. मी वाकले, तिच्या पायांना हात लावला, आणि उठता उठता मध्येच थबकले. माझ्याच अक्षरात उतरवलेलं ते शेवटचं पान शब्दन् शब्द मला आठवलं. मी आईकडे पाहिलं. तिनेही तेच ओळखलं होतं, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं. तिच्या गळ्यात पडायला मी हात पुढे केले, पण तोवर बायकांनी मला धरून गाडीकडे वळवलं होतं आणि बैल चालायला लागले होते.

पहिल्या सणाला माहेरी आले तेव्हा मी तिला विचारलं. ती सोलाणे घालून आमटी करत होती.

“आई, मी तशीच वागणार हे तुला तीन वर्षं आधी कसं कळलं?”

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या प्रश्नाचं तिला खरंच नवल वाटलं असावं.

“म्हंजे?” ती म्हणाली. “तुला वाढवलं कुणी?”